दुसरा सूर्य

आमच्या चिरंजीवांच्या मालकीची दोन जहाजे आहेत. ही वार्ता घरात प्रथम फुटली तेव्हा आमच्या सौ.नी साहजिकच विचारले, की ती ठेवली आहेत कुठे, गोव्याला की कारवारला? जहाजे अवकाशात आहेत आणि ते अवकाश संगणकाच्या पडद्याआड आहे, असा खुलासा झाल्यावर त्यांनी एवढेच विचारले, "किती दिलेस?" आकडा ऐकून त्या काही न बोलता स्वयंपाकघरात गेल्या. आम्ही मात्र माडीवरच बसून राहिलो. मराठी शिकविण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला शब्दांचा मोह सुटत नाही. गुराब, गलबत, मचवा, पडाव, तरांडे या शब्दांना बखरींच्या पानांबाहेर आता काम उरलेले नाही. इथे दोन नवी कोरी गलबते आयतीच दाराशी आली होती. त्यांतल्या लहानग्याचे नाव आम्ही तेव्हाच 'पडाव' ठेवले, आणि चिरंजीवांनी ते मान्य केले.

वाचकहो, या खेळाचे नाव 'स्टार सिटिझन'. आमच्यासारख्या पाटीपेन्सिलीच्या पिढीतील माणसाने संगणकावरच्या खेळावर लिहावे हे काहींना विचित्र वाटेल. पण आम्हांस या खेळापेक्षा तो खेळणारांचे, किंबहुना त्याची वाट पाहणारांचे, कुतूहल अधिक आहे. ख्रिस रॉबर्ट्स नावाच्या गृहस्थाने १९९० साली 'विंग कमांडर' हा अवकाशयुद्धाचा खेळ काढून कीर्ती मिळविली होती. मध्यंतरी तो या धंद्यातून बाहेर पडला, चित्रपटांकडे वळला, आणि २०१२च्या ऑक्टोबरात परत येऊन त्याने जाहीर केले, की मला आजवर कोणी केला नाही असा अवकाशाचा खेळ करावयाचा आहे आणि त्यासाठी कोण्या बड्या प्रकाशकाच्या दारात मी जाणार नाही. पैसा खेळणारांनीच द्यावा. दीड महिन्याच्या आत बासष्ट लाख डॉलर जमले. खेळ २०१४च्या नोव्हेंबरात हाती पडेल असे सांगण्यात आले होते, आणि त्यात शंभर सूर्यमाला असतील असे वचन होते.

चिरंजीव त्या वेळी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला होते. शिष्यवृत्तीतून वाचविलेले पंचेचाळीस डॉलर, म्हणजे त्या वेळचे सुमारे सत्तावीसशे रुपये, त्यांनी २०१४ साली भरले. आता ते तिशी ओलांडून गेले, नोकरीला लागले, महासाथीच्या दिवसांत बंगळूरहून बिऱ्हाड हलवून बेळगावात आले आणि माडीवरच्या खोलीत कचेरी मांडून बसले. दुसरे गलबत त्यांनी पगारातून घेतले. २०२१ नंतर त्यांनी या खेळावर एक रुपयाही खर्च केलेला नाही, आणि खेळणे एक आठवडाही सोडलेले नाही. या दोन गोष्टी एकाच माणसाच्या ठायी कशा नांदतात, हे समजून घेण्यात आमचे बरेच शनिवार गेले.

शनिवार अशासाठी, की त्या रात्री चिरंजीवांची मंडळी जमतात. आठनऊ जण आहेत. पोलंडमधला एक शाळामास्तर, कॅनडात मालमोटार चालविणारा एक जण, मूळचे नागपूरचे पण दुबईत स्थायिक झालेले दोन भाऊ, आणि स्कॉटलंडातला एक म्हातारा. हा म्हातारा तीसेक वर्षे व्यापारी जहाजांवर नोकरी करून निवृत्त झालेला. खऱ्या समुद्रावर आयुष्य घालविल्यानंतर हा पडद्यावरच्या समुद्रावर आला होता. आम्ही कोपऱ्यातील आरामखुर्चीत बसून ऐकत असू. त्यांच्या बोलण्यात निम्मा वेळ एकच विषय: हे पुरे केव्हा होणार?

तारखांचा इतिहास सांगायचा तर तो असा. २०१३ साली खेळणारांना फक्त आपले जहाज उभे करण्याची पडवी मिळाली; त्यात जाऊन जहाजाभोवती प्रदक्षिणा घालता येई, उडविता येत नसे. २०१४च्या जूनमध्ये एका आखाड्यात उडविता येऊ लागले. २०१५च्या डिसेंबरात अवकाशाचा एक लहान तुकडा खुला झाला, २०१७च्या डिसेंबरात उतरून चालता येतील असे चंद्र आले. खेळाचे दुसरे अंग म्हणजे एकट्याने खेळावयाची कथा, 'स्क्वाड्रन ४२'. ती आधी २०१४ला येणार होती, मग २०१६ला. पुढे २०२० साल पुढे आले आणि गेले. २०२३च्या ऑक्टोबरात घोषणा झाली, की तिची सारी अंगे तयार आहेत, आता केवळ घासूनपुसून घेणे उरले. त्यानंतर बरोबर एक वर्षाने सांगण्यात आले, की ती २०२६ साली येईल.

एवढा उशीर का, हे चिरंजीवांनी आम्हांस एकदा फार चांगले समजावून दिले. रॉबर्ट्सच्या मंडळींनी ज्या तयार यंत्रणेवर खेळ उभारावयास घेतला, ती जमिनीवरच्या खेळांसाठी, म्हणजे चारदोन कोसांच्या रानासाठी, केलेली होती. तिच्यात कोणत्याही वस्तूची जागा सुमारे सात अंकांत लिहिली जाई. आमच्या पिढीला सात अंकी लॉगॅरिथमचे तक्ते ठाऊक आहेत. आठव्या अंकाविषयी ते मौन पाळतात. रान लहान असेल तर सात अंकांत केसाएवढे अंतरही मांडता येते. पण पृथ्वीपासून चंद्र जितका दूर आहे तितके अंतर मांडू गेले तर सातांपैकी सहा अंक किलोमीटरांतच खर्ची पडतात आणि माणसाचा हात, पाय, दाराची कडी यांसाठी काही उरत नाही. वस्तू थरथरू लागतात, भिंतीतून आरपार जातात. तेव्हा या मंडळींनी ती सारी यंत्रणा उसवून पंधरा अंकांची केली. काम प्रचंड होते, आणि पडद्यावर त्याचे काहीच दिसत नव्हते. पाया खणणाऱ्या माणसाकडे रस्त्यावरून जाणारा 'हा खड्डाच खणतो आहे' म्हणून पाहतो, तसे काहीसे झाले.

दुसरी अडचण स्मरणाची. त्यांना असे जग हवे होते, की तुम्ही एखाद्या निर्जन चंद्रावर पाण्याची बाटली ठेवून गेलात तर ती तिथेच राहावी, पुढे कोणी तिकडून गेला तर त्याला ती दिसावी. ऐकायला क्षुल्लक वाटते. पण लाखो माणसे टाकतील त्या प्रत्येक बाटलीची नोंद ठेवणे म्हणजे चित्रगुप्ताचे काम. ते २०२३च्या मार्चमध्ये प्रत्यक्षात आले आणि आले तेव्हा असा गोंधळ उडाला, की असंख्य खेळणारांना कित्येक दिवस आतच शिरता येईना. तिसरी अडचण गर्दीची होती. एका यंत्रावर आधी पन्नास, मग शंभर माणसे मावत. अनेक यंत्रांना एकच आकाश वाटून द्यावयाचे आणि एकाच्या हद्दीतून दुसऱ्याच्या हद्दीत गलबत जाताना प्रवाशाला ते कळूही द्यायचे नाही, हे जमविण्यास २०२४चा डिसेंबर उजाडला. आम्ही राहतो तो मुलूख सीमेवरचा; हद्द ओलांडणाऱ्याला ती जाणवू न देणे किती अवघड, हे आम्हांस कोणी समजावून देण्याची गरज नाही.

खेळणारांत मात्र या साऱ्याविषयी एकमत मुळीच नाही. पोलंडचा मास्तर कडवा टीकाकार. त्याचे म्हणणे असे, की या गृहस्थाची ही पहिलीच वेळ नव्हे. 'फ्रीलान्सर' नावाचा त्याचा खेळ १९९९ साली जाहीर झाला, रेंगाळला. २००० साली त्याची संस्था मायक्रोसॉफ्टने घेतली, तो बाहेर पडला, आणि इतरांनी कापूनछाटून २००३ साली तो खेळ बाजारात आणला. म्हणजे कोणी तरी हातातून कागद काढून घेतल्याशिवाय हा माणूस पेपर देत नाही! परीक्षेत असे विद्यार्थी आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. घंटा झाली तरी त्यांचा पहिल्याच प्रश्नाचा परिच्छेद चाललेला असतो. आणि वाईट हे, की तो परिच्छेद सुंदर असतो.

यावर दुबईकर भावांपैकी थोरल्याचे उत्तर ठरलेले: कापूनछाटून आणलेला खेळ हवा होता तर बाजारात पुष्कळ आहेत, आम्ही पैसे दिले ते कागद कोणी ओढून घेऊ नये म्हणूनच. मग उदाहरणे निघत. १९८४ साली केंब्रिजच्या दोन विद्यार्थ्यांनी 'एलिट' नावाचा खेळ केला. बत्तीस किलोबाइटांच्या यंत्रात त्यांनी दोन हजारांवर ग्रह बसविले. त्यांतल्याच डेव्हिड ब्रेबेन यांनी २०१२ साली लोकांकडून पैसे घेऊन 'एलिट डेंजरस' आरंभिला आणि २०१४च्या डिसेंबरात तो देऊनही टाकला. 'नो मॅन्स स्काय' हा इंग्लंडातील गिल्फर्डच्या पंधरासोळा माणसांचा खेळ २०१६च्या ऑगस्टात आला तेव्हा सांगितलेल्या कित्येक गोष्टी त्यात नव्हत्या. लोक खवळले. ती मंडळी गप्प बसली, कामाला लागली आणि वर्षानुवर्षे फुकट भर घालून त्यांनी गेलेली पत परत मिळविली. मास्तर म्हणे, पाहा, अपुरे दिले पण दिले. थोरला भाऊ म्हणे, अपुरे द्यायचे तर आपलाही २०१५पासून मिळतोच आहे की! आणि कॅनडाचा मोटारचालक या वादात कधीच पडत नसे. तो आठवडाभर रस्त्यावर असे, त्याला दोन तास कोणाचे तरी सामान इकडून तिकडे पोहोचवायचे असे. खऱ्या आयुष्यात तो हेच करतो, हे चिरंजीवांनी त्याला एकदा दाखवून दिले. तो म्हणाला, इथे बर्फ नसतो.

मास्तरचा खरा मुद्दा पैशाचा आहे, आणि त्यात आम्हांस तथ्य वाटते. ही कंपनी जहाजे विकून चालते. काही तयार झालेली, काही केवळ चित्रावरून. २०१३ साली चित्र दाखवून विकलेले 'बानू मर्चंटमन' नावाचे व्यापारी जहाज २०२४ साल सरले तरी कोणाला चालवावयास मिळाले नव्हते. २०१८ साली सर्व जहाजांचा एकत्र संच सत्तावीस हजार डॉलरना विकावयास काढला होता, आणि तो पाहण्याचा अधिकारसुद्धा ज्याने आधी हजार डॉलर खर्चिले असतील त्यालाच होता! त्याच वर्षी बाहेरच्या गुंतवणूकदारांनी आणखी चार कोटी साठ लाख डॉलर ओतले. २०२२च्या सप्टेंबरात खेळणारांनी दिलेल्या रकमेने पन्नास कोटी डॉलरचा टप्पा ओलांडला. आरंभी अशी अट होती, की ठरल्या वेळेनंतर अमुक मुदतीत खेळ न मिळाल्यास पैसे परत मागता येतील; २०१६ साली ती अट काढून टाकण्यात आली. मास्तर विचारतो, की अपुऱ्या वस्तूला इतकी किंमत येत असेल तर ती पुरी करण्याची घाई कोणाला असेल?

आमच्या शाळेच्या आवारात एका वर्गखोलीचे जोते आहे. 'काम मंजूर' असा फलक त्यावर लागून आता बरीच वर्षे झाली. फलक दोनदा रंगविला गेला, जोते होते तिथेच आहे. मधल्या सुट्टीत मुले त्यावर बसून डबे खातात. उशीर म्हटला की आमच्या डोळ्यांसमोर हे जोते येते, आणि रॉबर्ट्सच्या मंडळींचा उशीर त्या जातीचा नव्हे असे आम्हांस प्रामाणिकपणे वाटते. तिथे हजाराच्या आसपास माणसे काम करतात, दर काही महिन्यांनी काही ना काही पुढे सरकते. जोत्यावर कोणी राबत नाही. इथे राबणारे पुष्कळ आहेत, थांबावे कुठे हे ठरविणारा नाही.

लोकांच्या पैशावर मोठे काम उभारण्याचा प्रयोग आपल्या मराठीतही झालेला आहे. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी 'महाराष्ट्रीय ज्ञानकोशा'साठी मर्यादित कंपनी काढली, भाग विकले, वर्गणीदार गोळा केले आणि १९२० ते १९२७ या काळात तेवीस खंडांचे काम तडीस नेले. त्यासाठी त्यांनी जी विवंचना सोसली तिची कथा साहित्याच्या विद्यार्थ्याला ठाऊक असते. याच्या उलट पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील संस्कृत महाकोश. १९४८ साली डॉ. सु. मं. कत्रे यांनी त्याचा आरंभ केला, सुमारे पंधराशे ग्रंथांतून शब्द वेचले, कोटीच्या घरात चिठ्ठ्या झाल्या. पहिला खंड निघाला १९७६ साली. त्यानंतर पस्तीसेक खंड निघाले, तरी कोशकार अद्याप 'अ' या अक्षरातच आहेत. हे आम्ही चिरंजीवांकरवी एका शनिवारी त्या मंडळींना सांगितले. स्कॉटलंडचा म्हातारा इतका हसला, की त्याला ठसका लागला. मग त्याने विचारले, 'अ' हे अक्षर कितवे? पहिलेच, असे सांगितल्यावर पुन्हा हसला. त्यानंतर कोणी उशिराची तक्रार केली, की तो म्हणे, "आपण अजून 'अ'मध्ये आहोत." हा त्या मंडळींत वाक्प्रचार होऊन बसला, वऱ्हाडी, पोलिश आणि स्कॉटिश अशा तीन तऱ्हांनी उच्चारलेला 'अ' आम्ही या कानांनी ऐकला आहे.

पण हसण्यावारी नेऊन भागत नाही. कोशकार 'अ'मध्ये आहेत हे खरे, तथापि त्यांनी 'क्ष'चा खंड कोणाला आगाऊ विकलेला नाही. कामाला लागेल तितका काळ लागू द्यावा. तारीख मात्र जपून द्यावी, आणि जे हाती नाही त्याची पावती फाडू नये. आमचे हे मत चिरंजीवांना पटले नाही. ते म्हणाले, "बाबा, मी जहाज विकत घेतलं नाही. मी ते बांधण्याला हातभार लावला. दुकान आणि वर्गणी यांत फरक आहे." आम्ही म्हणालो, "वर्गणी असेल तर किंमतपत्रिका कशाला?" त्यावर ते काही बोलले नाहीत, पण पुढच्या शनिवारी त्यांनी हाच प्रश्न मंडळींपुढे टाकला, आणि मास्तर व थोरला भाऊ यांचे त्या रात्री जे जुंपले ते पहाटे अडीचपर्यंत चालले.

म्हातारा अशा वेळी ऐकत राही. त्याने इतर कोणाहीपेक्षा अधिक पैसे दिले होते आणि तो कोणाहीपेक्षा कमी बोले. त्याला 'स्क्वाड्रन ४२'ची कथा खेळावयाची होती, एवढी त्याची इच्छा सर्वांना ठाऊक होती. गस्तीवर असताना मध्यरात्रीच्या पहाऱ्यात जहाज कसे बोलते, लाकूड नसतानाही पोलाद कसे कुरकुरते, हे तो सांगे. या खेळातल्या जहाजाच्या पोटात उभे राहिले की तसाच आवाज येतो, म्हणून आपण इथे येतो, असे तो एकदा म्हणाला. २०२२च्या हिवाळ्यात त्याचे येणे थांबले. तीन शनिवार गेल्यावर त्याच्या मुलीचा निरोप आला. चिरंजीव त्या रात्री जेवले नाहीत. सौ.नी कारण विचारले तेव्हा ते म्हणाले, "एक ओळखीचे आजोबा गेले." सौ.नी आणखी काही विचारले नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी देवापुढे दिवा लावला तेव्हा तो कोणासाठी, हे आम्हीही विचारले नाही.

त्या शनिवारी सर्वांनी आपापली गलबते एका चंद्राच्या कडेला एका रांगेत उभी केली, दिवे विझविले आणि पाच मिनिटे कोणी काही बोलले नाही. मास्तरही आला होता. ज्या खेळाला तो फसवणूक म्हणतो त्याच खेळात तो निरोप द्यावयास आला, यात आम्हांस विसंगती वाटली नाही. त्यांना दुसरे स्मशान कुठे होते?

२०२४च्या डिसेंबरात दुसरी सूर्यमाला खुली झाली. 'पायरो' तिचे नाव. शंभरांचे वचन, आणि बारा वर्षांनी ही दुसरी. चिरंजीवांनी आम्हां उभयतांस माडीवर बोलाविले. अवकाशात एक भोवऱ्यासारखे तोंड होते; त्यातून सारी गलबते एकामागून एक आत शिरली आणि दोनतीन मिनिटे नुसता उजेडाचा कल्लोळ चालला होता. मग पलीकडे एक तांबूस, धगधगणारा सूर्य दिसला. सौ. म्हणाल्या, "संक्रांतीनंतरच्या उन्हासारखा नाही हा. आजारी दिसतो." चिरंजीवांनी सांगितले, की तसाच आहे तो, अधूनमधून भडकतो.

मंडळी एका उजाड ग्रहावर उतरली. मोटारचालकाने म्हाताऱ्याच्या आवडीच्या पेयाची एक बाटली बरोबर आणली होती. ती एका खडकाच्या आडोशाला, वारा लागणार नाही अशी ठेवण्यात आली. वाऱ्याने ती पडत नाही, हे चिरंजीवांनी आम्हांस हळूच सांगितले. पण मोटारचालकाने आडोसा पाहिलाच.

"ती राहील का तिथे?" सौ.नी विचारले.

"पुढची आवृत्ती येईपर्यंत राहावी. मग सगळं पुसलं जाण्याचा संभव असतो."

"आणि ती केव्हा येणार?"

"तारीख दिलेली नाही अजून," चिरंजीव म्हणाले.